इशानंतरची गोळी

पानशेतच्या औषधाच्या दुकानात मला सगळे ‘सर’ म्हणून ओळखतात. त्यामुळे ही गोळी मी तिथे कधी मागितली नाही. पुण्याला गेलो की आणायचो, पिशवीत वह्यांखाली लपवायचो. जाणं झालं नाही की आठ-आठ दिवस खंड.

मला मधुमेह आहे. दोन वर्षांपूर्वी ताठरता येईनाशी झाली. बेगम काही बोलली नाही. मीच रात्री उशिरापर्यंत पेपर तपासत बसू लागलो. तिला वाटलं, माझं मन तिच्यावरून उडालं.

डॉक्टरांनी आधी साखर आणि हृदय तपासलं, कारण हा त्रास कधीकधी हृदयविकाराची आगाऊ खूण असतो. मग टाडालाफिल ५ मिलिग्रॅम, रोज एक, असं लिहून दिलं. मी ती ‘लागेल तेव्हा’ घेतली आणि महिन्याने तक्रार घेऊन गेलो की गुण येत नाही.

“सर, रोज घेता?”

मी गप्प.

त्यांनी समजावलं, या औषधाचा निम्मा अंश साधारण साडेसतरा तासांत शरीरातून जातो. रोज ठरल्या वेळी घेतलं तर पाचेक दिवसांत रक्तातलं प्रमाण स्थिर होतं. मध्येच सोडलं की ते पुन्हा उतरतं. शिवाय गोळी इच्छा निर्माण करत नाही, मन लागतंच. सगळ्यांना गुण येतो असंही नाही. मधुमेहात तो कमी येतो. आणि छातीदुखीसाठी सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची औषधं घेणाऱ्याने ही गोळी घ्यायचीच नाही, रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत उतरतो. म्हणून कुणाचं ऐकून परस्पर घेऊ नये.

अमल थोडा असला तरी चालेल, पण तो नियमित असावा, हे मी मुलांना नेहमी सांगतो. स्वतःच्या बाबतीत मात्र शरमेपोटी विसरलो होतो. खंड गोळीमुळे पडत नव्हता, लपवण्यामुळे पडत होता.

त्या रात्री बेगमला सगळं सांगितलं. ती रडली, मग म्हणाली, “एवढंच होतं? मी तर भलतंच समजून बसले होते.”

आता ती गोळी साखरेच्या गोळ्यांशेजारी, स्वयंपाकघरातल्या फळीवर असते. इशाची नमाज झाली की बेगमच आठवण करते. काही रात्री अजूनही जमत नाही. पण आता मी पेपर तपासत बसत नाही.