कोनांच्या जोड्यांचे वय

बालभारतीच्या सातवीच्या गणितात ‘कोन व कोनांच्या जोड्या’ हे प्रकरण येते तेव्हा गोंदिया जिल्ह्यातील गोरेगावचा विद्यार्थी बारा-तेरा वर्षांचा असतो, आणि एकेकटा कोन त्याने कोनमापकाने मोजलेला असला तरी दोन कोनांत काही नाते असते हे त्याला येथे नीटपणे सांगितले जाते. ज्या दोन कोनांच्या मापांची बेरीज ९० अंश येते ते परस्परांचे कोटिकोन, ज्यांची १८० अंश येते ते पूरक कोन, आणि दोन रेषा एकमेकींना छेदल्या असता समोरासमोर येतात ते विरुद्ध कोन. या व्याख्या चटकन पाठ होतात; त्यांत दोन निराळ्या जातींची नाती एकत्र आली आहेत, हे मात्र सहसा सांगायचे राहून जाते. कोटिकोन आणि पूरक कोन हे निव्वळ मापाचे नाते आहे, त्यामुळे एक कोन वहीच्या पहिल्या पानावर आणि दुसरा शेवटच्या पानावर काढला तरी ते टिकते. विरुद्ध कोनांचे नाते जागेचे असून मापांची समानता त्यातून मागाहून निघते, कारण मधल्या एकाच कोनाला १८० अंशांपर्यंत पुरे करण्याचे काम ते दोघेही करतात.

आठवीत दोन रेषांना छेदणारी तिसरी रेषा, म्हणजे छेदिका, येते आणि आठ कोनांचा पसारा मांडते. दोन्ही छेदनबिंदूंपाशी सारख्याच जागी असणारे ते संगत कोन. दोन रेषांच्या दरम्यान पण छेदिकेच्या विरुद्ध बाजूंना असणारे ते आंतरव्युत्क्रम कोन. गोरेगाव तालुक्यातून जाणाऱ्या गोंदिया–बल्लारशहा रेल्वेमार्गावर एखादा रस्ता फाटकापाशी रूळ तिरपा ओलांडतो, तेव्हा हीच आकृती जमिनीवर उतरलेली असते. हा मार्ग पूर्वी नॅरोगेज होता, म्हणजे दोन रुळांत ७६२ मिलिमीटर अंतर होते. ब्रॉडगेज झाल्यावर ते १,६७६ मिलिमीटर झाले, तरी रस्ता त्याच दिशेने जात असेल तर संगत कोनांच्या मापात काडीचाही फरक पडत नाही. कोन अंतराला जुमानत नाहीत, फक्त दिशेला जुमानतात. रेषा समांतर नसल्या तरी कोनांना संगत हे नाव राहते, केवळ त्यांची समानता जाते, ही बारीक गोष्ट पुष्कळांच्या हातून निसटते. आणि त्याचा दोष, दोन आडव्या समांतर रेषांवर एक तिरपी रेघ एवढेच चित्र वारंवार गिरवून घेणाऱ्या सवयीकडे जातो. नववीत प्रश्न उलटा होऊन संगत कोन समान असतील तर रेषा समांतर ठरतात, ही कसोटी येते.

शाळा सुटल्यावर हे ज्ञान नाव टाकून कामाला लागते. तसबिरीची चौकट करणारा सुतार पट्टीवर ४५ अंशांत एकच काप घेतो. पट्टीच्या दोन कडा समांतर असल्याने आणि काप हीच छेदिका असल्याने दोन्ही तुकड्यांचे लघुकोन आंतरव्युत्क्रम, म्हणून समान निघतात, आणि एक तुकडा उलटवून कापाला काप भिडवला की काटकोनाचा कोपरा गुण्यात बसतो. आंतरव्युत्क्रम हा शब्द तो कदाचित विसरलेला असतो. परंतु काप चुकून ४३ अंशांचा झाला तर कोपऱ्यात चार अंशांची उणीव येईल, हे त्याला मोजण्याआधीच कळते.

याच नात्याचा सर्वांत भव्य उपयोग इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिसने सायीन आणि अलेक्झांड्रिया येथील सावल्यांवरून पृथ्वीचा परीघ काढताना केला. त्याला गोरेगावची जागा विलक्षण सोयीची पडली असती, कारण गोरेगाव आणि चेन्नई जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत, आणि गोरेगावचा अक्षांश सुमारे २१.३ तर चेन्नईचा १३.१ अंश आहे. २७ मेच्या सुमारास भर मध्यान्ही गोरेगावात उभ्या काठीची सावली नाहीशी होते, त्याच वेळी चेन्नईतील काठीशी सूर्यकिरण सुमारे ८.२ अंशांचा कोन करतात. किरण समांतर मानले तर पृथ्वीच्या केंद्राशी होणारा कोन त्याचा व्युत्क्रम, म्हणून तेवढाच. दोन गावांतील सरळ अंतर सुमारे ९१० किलोमीटर धरून त्रैराशिक मांडले की परीघ ४०,००० किलोमीटरच्या आसपास येतो. मात्र त्या सुमारास शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते, आणि जुलैच्या मध्यास शून्य सावलीचा दुसरा दिवस येतो तेव्हा धानाची रोवणी जोरात असून आकाश बहुधा ढगांनी भरलेले असते.