फाट्यापासून आत

आमच्या जिल्ह्यात पत्ता सांगायला सुरुवात होते ती फाट्यापासून. गाव कुठलं हे नंतर, आधी फाटा कुठला ते विचारायचं. मुख्य रस्ता सोडून आत वळायची ही जागा. तिथं चहाची टपरी, पंक्चरचं दुकान, एसटीचा निवारा आणि निवाऱ्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फलक. फाट्यापासून आत चार किलोमीटर, मग ओढा, ओढ्याच्या अलीकडं उजव्या हाताला वस्ती. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, वाशी, भूम, परंडा, आठही तालुक्यांत पत्ता असाच सांगतात. माझ्या गाडीतल्या नकाशाला फाटा माहीत नाही, वस्ती माहीत नाही, तांडा माहीत नाही. गेली काही वर्षं ही गोष्ट मला टोचत राहिली आहे, कारण रस्ता सापडणं न सापडणं यावर आमच्याकडं बरंच काही अवलंबून असतं.

रस्ता वाचायला मला वडिलांनी शिकवलं. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. बदली झाली की बिऱ्हाड एसटीच्या टपावर आणि मी खिडकीशी. पिवळ्या माथ्याचा दगड दिसला की राष्ट्रीय महामार्ग, हिरव्या माथ्याचा दिसला की राज्य मार्ग, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. दगडावरचं अंतर वाचायचं, मनात वजाबाकी करायची आणि अजून किती राहिलं ते वडिलांना सांगायचं. कंडक्टर फाट्याचं नाव पुकारायचा, दोन-चार माणसं धोतर सावरत उतरायची आणि गाव न दिसणाऱ्या दिशेनं चालू लागायची.

शाळेच्या कचेरीत जिल्ह्याचा कापडी नकाशा टांगलेला होता. त्यात लातूर, औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर सगळं आमच्यातच होतं. 1982 मध्ये लातूर वेगळा जिल्हा झाला, पण नवा नकाशा काही आला नाही. मुलं तोंडानं नवा जिल्हा शिकत होती आणि भिंतीवर जुना बघत होती. एका रविवारी वडिलांनी तो नकाशा खाली उतरवला, टेबलावर पसरला, पट्टी आणि लाल शाईचा टाक घेतला आणि तालुक्यांच्या कडेकडेनं नवी हद्द ओढली. मी दौत धरून उभा होतो. शाई कापडात फुटू नये म्हणून ते टाक जेमतेम टेकवत होते. सगळी दुपार त्यात गेली. सोमवारी तो परत भिंतीवर गेला आणि पुढं बरीच वर्षं मुलांनी त्यावरूनच जिल्हा शिकला.

मी पशुवैद्यक झालो आणि मोटरसायकलवर गावं पालथी घालू लागलो. जनावराचं दुखणं दिवस-रात्र बघत नाही. म्हैस अडली, गाईची वार पडली नाही, घटसर्पाची साथ आली, की निरोप यायचा आणि निरोपाबरोबर रस्ता. "डाक्टर, फाट्यावरनं आत या. चिंचंचं बन लागंल, तिथं डांबरी सोडा. गाडीवाटनं सरळ या. हिरीपशी पोराला बॅटरी घिऊन हुबा करतो." त्या निरोपात सगळं काही असायचं. कुठं वळायचं, कुठला रस्ता पावसात चालतो आणि कुठला चालत नाही, आणि शेवटच्या अंधाऱ्या टप्प्यात माणूस कुठं उभा राहील. बालाघाटच्या माळावरची काळी माती एकदा भिजली की चाकाला लिंपत जाते, मडगार्डमध्ये घट्ट बसते, आणि गाडी ढकलतासुद्धा येत नाही. सांगणाऱ्याला हे माहीत असायचं म्हणून तो लांबचा रस्ता सांगायचा. लांबचा रस्ता हाच पोचण्याचा रस्ता, हे त्या नोकरीत अंगवळणी पडलं.

मग 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आली. 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीच्या भागात जमीन हलली आणि लातूर व आमच्या जिल्ह्यात मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी ही आमच्याकडची गावं. तेव्हा ती उमरगा तालुक्यात होती, लोहारा हा वेगळा तालुका पुढं झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवद, त्याखाली माणसं आणि गोठ्यातली जनावरं एकदमच गाडली गेली. आमच्या खात्यातल्या लोकांनी त्या दिवसांत जे काम केलं त्याबद्दल इथं लिहीत नाही. सांगायचं आहे ते नंतरचं. दोन्ही जिल्ह्यांत मिळून 52 गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. शेतं होती तिथंच राहिली, गावठाणं उठून दुसरीकडं गेली. आधी पत्र्याचे शेड, मग आखलेल्या सरळ गल्ल्यांतली एकसारखी घरं. जुन्या जागी दगडांचे ढीग आणि वेड्या बाभळी. नाव एक आणि जागा दोन. लोकांनी सांगताना लगेच 'जुनं गाव' आणि 'नवं गाव' असा फरक केला आणि कुणाचा घोटाळा झाला नाही.

2017 मध्ये मी नवी मोटार घेतली. मधोमध मोठा पडदा, त्यात नकाशा, आणि वळण आलं की बोलून सांगणारा आवाज. मला त्याचं खरोखर अप्रूप होतं आणि अजून आहे. पृथ्वीपासून सुमारे 20,200 किलोमीटरवरून फिरणारे उपग्रह वेळेचा संकेत पाठवतात, गाडीतला ग्राहक किमान चार उपग्रहांचे संकेत पकडून त्यांच्या वेळेतल्या सूक्ष्म फरकावरून आपली जागा काढतो. 2000 च्या मे महिन्यापर्यंत अमेरिका नागरी वापराच्या संकेतात मुद्दाम चूक मिसळत असे, ती काढल्यावर शंभर मीटरच्या घरातली चूक काही मीटरवर आली. आज तर भारताची स्वतःची नाविक प्रणालीही आहे. इतकं सगळं आकाशात बिनचूक चाललेलं असताना येडशीच्या पुढं, चौपदरी महामार्गावर, माझ्या पडद्यावरची गाडी सोयाबीनच्या शेतातून चाललेली दिसत असे. रस्ता नवा होता आणि नकाशा त्याच्या आधीचा. आवाज दर मिनिटाला मागे वळायला सांगायचा. महामार्गाचा जुना क्रमांक 211. क्रमांकांची फेररचना 2010 मध्ये झाली आणि तो 52 झाला. पडद्यावर तो 211 च होता.

चूक उपग्रहांची नाही, हे इथं नीट लक्षात घ्यायला हवं. उपग्रहांच्या संकेतांवरून कळतात ते अक्षांश-रेखांश. त्या ठिकाणी रस्ता आहे की शेत, गाव आहे की ढिगारा, हे सांगायचं काम गाडीत भरलेल्या नकाशाचं. मोटारीत नकाशा दाखवणारं बाजारातलं पहिलं यंत्र जपानच्या होंडानं 1981 मध्ये आणलं. त्यात उपग्रह नव्हतेच, जायरोस्कोप होता, आणि पारदर्शक नकाशाची फिल्म चालकानं हातानं सरकवायची असे. उपग्रहांवर चालणारी, गाडीतच बसवलेली प्रणाली 1990 मध्ये माझदानं आणली. तेव्हापासून यंत्रं कुठल्या कुठं गेली, नकाशा मात्र कारखान्यात एकदा भरला की तसाच राहण्याची रीत बरीच वर्षं टिकली. मोठ्या शहरांत ते खपतं, कारण तिथं नकाशा काढणारे वारंवार फिरतात. लोहाऱ्याला कोण फिरणार?

जिल्ह्याचं नाव घ्या. सातव्या निजामाच्या, मीर उस्मान अली खानाच्या नावावरून उस्मानाबाद, आणि 2023 मध्ये अधिकृतपणे धाराशिव. खेड्यातली म्हातारी माणसं आधीपासून धाराशिवच म्हणत आली. गाडीत धाराशिव टाकलं तर काही मिळत नव्हतं. वाशी टाकलं तर ती साडेतीनशेहून जास्त किलोमीटरवरच्या नवी मुंबईच्या वाशीकडं निघायची, कारण तिला एका तालुक्याच्या गावापेक्षा ते उपनगर ठळक. कळंब टाकलं की यवतमाळचं की आमचं हे ती विचारायचीच नाही. सगळं टाकायचं रोमन लिपीत, तेही गाडी उभी करून, कारण चालत्या गाडीत कळफलक बंद. शेजारी बसलेल्या माणसालाही तो उघडत नाही. उमरगा एका स्पेलिंगनं सापडेना म्हणून दुसरं, मग तिसरं करून बघायचं, आणि मागे ट्रक हॉर्न देतोय.

सेवा केंद्रात गेलो. नकाशा अद्ययावत करायला काही हजार रुपये मागितले, मी दिले. शहरांतल्या नव्या रस्त्यांची त्यात भर पडली होती. आमचा महामार्ग शेतातच राहिला. तक्रार लिहून दिली, सोबत फोटो दिले, चौपदरीचा नवा भाग कुठून कुठपर्यंत आहे ते लिहिलं. उत्तर आलं की नकाशा दुसरीकडून येतो, त्यात बदल आमच्या हातात नाही. त्या टेबलापलीकडचा मुलगा भूमचा होता. त्याला सगळं कळत होतं, पण त्याच्या हातात खरंच काही नव्हतं.

मोबाइल वापरा, असं सगळे सांगतात. मीही वापरतो, आणि त्याचा नकाशा भराभर सुधारतो हे मान्यच आहे. पण घाटात, ओढ्याकाठच्या शिवारात, रात्री, नेटवर्क जातं. गाडीत बसवलेल्या नकाशाला नेटवर्क लागत नाही, तो पोटात सगळं घेऊन फिरतो. म्हणजे जिथं मोबाइल हात टेकतो तिथंच गाडीतल्या नकाशाची खरी गरज. आमच्यासारख्या जिल्ह्यासाठी ही सोय सर्वांत मोलाची आणि तिथंच ती सर्वांत कच्ची, याचा मला राग येतो. गाडीची किंमत पुण्याच्या माणसानं दिली तेवढीच मीही दिली होती.

एकदा पुतणीच्या लग्नाला पुण्याहून पाहुणे निघाले. लग्न सास्तूरच्या बाजूच्या एका पुनर्वसित गावात. त्यांच्या गाडीतल्या आवाजानं त्यांना व्यवस्थित नेलं आणि दिवेलागणीला सांगितलं की तुम्ही पोचलात. समोर बाभळी, पडकी भिंत आणि एक देऊळ. मोबाइलला रेंज नाही. गाडीत दोन लहान मुलं आणि एक वयस्कर बाई. शेळ्या घेऊन परतणारा एक मुलगा भेटला, त्यानं गाडीत डोकावून विचारलं, "मावशी, नव्या गावात जायचंय न्हवं? ह्ये जुनं हाय." शेळ्या बरोबरच्या पोराकडं सोपवून तो पुढं बसला आणि नव्या गावात मांडवापर्यंत घेऊन आला. भूकंपाला तेव्हा पंचवीस वर्षं होऊन गेली होती. 52 गावं हलली हे साऱ्या जगाला माहीत आहे, त्यावर अहवाल आहेत, जागतिक बँकेच्या कर्जाच्या मदतीनं ती गावं उभी राहिली. तरी गाडीच्या नकाशात ती हललेलीच नाहीत. लग्नाच्या पाहुण्यांचा अर्धा तास गेला, ठीक आहे. त्या गाडीत कळा सुरू झालेली बाई असती तर?

कोजागरीच्या सुमाराचंही तसंच. सोलापूर ते तुळजापूर रस्ता, जेमतेम 45 किलोमीटर, पायी निघालेल्या भाविकांनी भरून जातो, आणि दरवर्षी वाहनांसाठी तो बंद करून वाहतूक दुसरीकडून वळवतात. तारखा आधी जाहीर होतात, वर्तमानपत्रांत येतात. गाडीला ते सांगायची सोय नाही, म्हणून ती परगावच्या माणसाला बॅरिकेडपर्यंत बिनधास्त नेते. आणि पावसाळ्यात पाणंद रस्ता. नकाशावर ती रेघ जवळची दिसते, म्हणून यंत्र तीच निवडतं. काळ्या मातीबद्दल त्याला कुणी काही सांगितलेलंच नाही. 2025 च्या सप्टेंबरात परंडा-भूम भागात पुरानं हाहाकार केला. अशा वेळी पाण्याखाली गेलेल्या पुलाकडं अनोळखी चालकाला कुणी नेऊ नये, एवढं तरी व्हायला हवं.

हे अवघड आहे असं मला वाटत नाही. 2021 च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारनं नकाशांवरचे निर्बंध उठवले. भारतीय कंपन्यांना नकाशे बनवायला आणि वापरायला आता पूर्वपरवानगी लागत नाही. 2022 मध्ये पंतप्रधान ग्रामसडक योजनेतल्या रस्त्यांची भू-माहिती सर्वांसाठी खुली झाली. पुनर्वसित गावांची नवी ठिकाणं सरकारी दप्तरात आहेत. कुठला पूल बुडतो ते तलाठ्याला, कुठला फाटा कुठं हे एसटीच्या कंडक्टरला तोंडपाठ आहे. कमी आहे ती हे सगळं गोळा करून गाडीत भरण्याची इच्छा. गाडी विकणाऱ्यांनी गाडी चालेल तोवर नकाशा फुकट अद्ययावत करून द्यावा, गावाचं नाव देवनागरीत टाकता यावं, आणि चुकीची जागा दिसली तर ग्राहकानं पडद्यावर बोट ठेवून ती कळवावी आणि ती दुरुस्त व्हावी. जिल्हा प्रशासनानं बंद रस्ते आणि बुडणारे पूल यांची माहिती या कंपन्यांना वेळेत द्यावी.

आणि तुम्ही नवी गाडी घ्यायला जाल तेव्हा रंग आणि सीट बघून झाल्यावर पाच मिनिटं काढा. विसार देण्याआधी त्या पडद्यावर आपल्या आजोळचं, सासरचं किंवा जिथं तुमचं शेत आहे ते गाव शोधून मागा. सापडलं नाही, किंवा जुन्याच जागी सापडलं, तर ते तिथंच, त्यांच्या वहीत लिहून द्या आणि सही घ्या.