उलटी जोडलेली तार

गेल्या पावसाळ्यात माझे वडील झाशीहून आमच्याकडे दिल्लीस राहावयास आले. झाशीच्या वॅगन-दुरुस्तीच्या रेल्वे कारखान्यात त्यांची उभी हयात गेली. घणांच्या आवाजाने त्यांच्या कानांतील तारस्वर केव्हाच हिरावून नेले आहेत. पाखरांची किलबिल, दाराची घंटा, सुनेचे हलके बोलणे त्यांच्यापर्यंत पोचत नाही. खर्जातले जाड आवाज तेवढे पोचतात. मुलाने आपल्यामागून कारखान्यात यावे अशी त्यांची इच्छा होती. मी पदवी घेतली आणि सरकारी कारकुनीत शिरलो. या गोष्टीवरून आम्ही कधी भांडलो नाही, आणि कधी बोललोही नाही. अलीकडे तर "जेवलास का?" आणि "आज उशीर केलास" एवढ्यावरच आमचे संभाषण येऊन ठेपले होते.

एका रविवारी दुपारी मी माझी आवडती ध्वनिमुद्रिका लावून बसलो होतो. आप्पा समोरच्या खुर्चीत होते. माझ्या चेहऱ्यावर काही दिसले असावे, त्यांनी विचारले, "कुठली रे ही माणसं?"

"इंग्लंडातली. स्विंडन गावची," मी मोठ्याने सांगितले.

"स्विंडन? तिथं रेल्वेचा मोठा कारखाना होता ना?"

होता खरा. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा तो कारखाना १८४३ साली सुरू झाला आणि त्याच्याभोवती गाव वाढले. १९८६ च्या मार्च महिन्यात तो बंद पडला. त्याच वर्षी, ऑक्टोबरात, त्या गावच्या 'एक्स टी सी' नावाच्या तिघांच्या वाद्यवृंदाची 'स्कायलार्किंग' ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. अँडी पार्ट्रिज, कॉलिन मोल्डिंग आणि डेव्ह ग्रेगरी हे ते तिघे. मंडळी मोठी विक्षिप्त. १९८२ साली पार्ट्रिजला श्रोत्यांसमोर उभे राहण्याची अशी धास्ती बसली की त्यांनी दौरे कायमचे सोडले. ज्या धंद्यात तोंड दाखविल्याखेरीज नाव होत नाही, त्या धंद्यात हे लोक गावी बसून गाणी रचीत राहिले.

साहजिकच विक्री रोडावली. अमेरिकेत माल खपावा म्हणून कंपनीने अमेरिकन निर्माता घेण्याचा आग्रह धरला, आणि टॉड रुंडग्रेन यांची निवड झाली. रुंडग्रेन यांनी गाण्यांचे कच्चे मुद्रण ऐकले आणि कोणती गाणी घ्यावयाची व कोणत्या क्रमाने, हे ध्वनिमुद्रणापूर्वीच ठरवून टाकले. उन्हाळ्यातल्या सुस्त दिवसापासून आरंभ, मग प्रेम, पाऊस, विरह, संसार, आणि शेवटी मृत्यू व होळी. एक दिवस, एक वर्ष आणि एक आयुष्य अशी तिन्ही चक्रे एकाच क्रमात बसविली होती. पार्ट्रिजला हा हस्तक्षेप असह्य झाला. वूडस्टॉकजवळच्या त्या स्टुडिओत दोघांचे क्षणभर पटले नाही. पुढे काही वर्षांनी मात्र रुंडग्रेन यांचे काम उत्तम होते, हे पार्ट्रिजनेच मोकळेपणाने मान्य केले.

येथे मला माझी कचेरी आठवते. मी मसुदा करतो, तो वर जातो आणि तांबड्या शाईने माखून परत येतो. सुरुवातीच्या वर्षांत मी मनातल्या मनात धुमसत असे. आता कधी जुनी फाईल उघडली, तर वाटते की काही ठिकाणी तांबडी शाईच बरोबर होती. आपले काम दुसऱ्याच्या हातून सुधारले जाणे यासारखे दुःख नाही. आणि ते खरोखरच सुधारले आहे हे दहा वर्षांनी कळणे यात एक विलक्षण शांती आहे.

परंतु केवळ क्रम लावल्याने गाणी टिकत नाहीत. ही टिकली, कारण त्यांत एका सामान्य गावाचे सामान्य आयुष्य आहे. पहिल्या गाण्याच्या आरंभी कीटकांची गुणगुण आणि कुत्र्याचे भुंकणे ऐकू येते. उन्हाळा जणू कानांनी दिसू लागतो. 'वन थाउजंड अंब्रेलाज' मध्ये ग्रेगरीने रचलेली तंतुवाद्ये पावसासारखी कोसळतात. 'द मीटिंग प्लेस' यंत्रांच्या खणखणाटाने सुरू होते. कारखान्याच्या सावलीत दोन प्रेमी जीव भेटतात. आणि 'अर्न इनफ फॉर अस' मध्ये एक तरुण नवरा आहे. छप्पर गळते आहे, साहेब टोचून बोलतो आहे, घरात मूल येणार आहे, आणि आपली मिळकत पुरेल ना, एवढाच त्याचा घोर आहे. इतक्या उत्साही चालीवर इतकी साधी काळजी मी दुसरीकडे ऐकलेली नाही. गंमत अशी, की याच गाण्याच्या मुद्रणाच्या वेळी मोल्डिंग पार्ट्रिजशी भांडून काही काळ निघून गेला होता!

ज्या गाण्याने ही ध्वनिमुद्रिका अमेरिकेत गाजली, ते 'डिअर गॉड' मूळ इंग्लिश आवृत्तीत नव्हतेच. देव नाही असे म्हणत देवालाच लिहिलेले ते पत्र आहे. त्यावरून तिकडे वादळ उठले. विठोबाशी कडाकडा भांडणाऱ्या नामदेव-जनाबाईंचे अभंग लहानपणी कानांवर पडलेल्या मला त्यातल्या भांडणाचे नवल वाटले नाही. समेटाची आशाच सोडून केलेले भांडण मात्र मनाला चटका लावून गेले.

या ध्वनिमुद्रिकेची खरी नवलकथा पुढेच आहे. अनेक वर्षांनी ती नव्याने सिद्ध करताना जॉन डेंट या तंत्रज्ञाला आढळले, की मूळ मिश्रणातच ध्वनीची ध्रुवता उलटी झाली आहे. कोठेतरी एक जोडणी चुकली असावी, असे त्याचे निदान. स्पीकरचा पडदा जेथे पुढे ढकलला जावयाचा, तेथे तो मागे ओढला जात होता. त्यामुळे आवाज पातळ आणि खर्ज दुबळा झाला, असे त्याचे म्हणणे पडले. दुरुस्त आवृत्ती २०१० साली निघाली. म्हणजे चोवीस वर्षे लोक या गाण्यांवर जीव टाकीत होते, तो तार उलटी असताना!

हे सर्व मी आप्पांना मोठमोठ्याने सांगितले. त्या तरुण नवऱ्याची गोष्टही सांगितली, कारण आमच्या घरीही त्या वेळी पाळणा हलण्याचे दिवस जवळ आले होते आणि भाड्याचा हिशेब माझ्या डोक्यात सतत घोळत असे. आप्पा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तू झालास तेव्हा मी सहा महिने जादा पाळी केली. कान तेव्हाच गेले बहुतेक."

हे मला ठाऊक नव्हते. त्यांच्या अबोलपणाला मी इतकी वर्षे नाराजी समजत आलो होतो.

"ते कारखान्याचं गाणं लाव पुन्हा," ते म्हणाले. मी लावले. ते उठले, स्पीकरच्या लाकडी पेटीवर त्यांनी तळहात टेकला आणि डोळे मिटून घेतले. गव्हाळ, जाडजूड बोटे. त्यांवर जुने डाग. गाणे अर्धे झाल्यावर म्हणाले, "ठोका नीट पडतोय."

मी खर्ज थोडा वाढविला आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.