बास्तोबेची टेकडी

अल्माटीहून सुटलेली गाडी तुर्कसिबच्या रुळांवरून उत्तरेला धावत राहते आणि खिडकीबाहेरचा कोरडा माळ काही संपत नाही. उश्तोबे जवळ आल्यावर मात्र कराताल नदीच्या पाण्यावरची भातशेती दिसू लागते. कझाक मूळचे मेंढपाळ; या भागात भात पिकवला तो कोरियनांनी. तेही काही हौसेने आले नव्हते.

२१ ऑगस्ट १९३७च्या हुकुमावर स्टालिन आणि मोलोतोव यांच्या सह्या आहेत. कारण दिलं जपानी हेरगिरीचं. त्या आधारे रशियाच्या अतिपूर्वेतले सुमारे १,७२,००० कोरियन रेल्वेने मध्य आशियात आणून सोडले. १९२०मध्ये जपानी फौजेशी लढलेला होंग बोम-दोसुद्धा त्यांत होता! पुढे तो क्झिल-ओर्दाच्या कोरियन नाट्यगृहात पहारेकरी झाला.

उश्तोबेबाहेरच्या बास्तोबे टेकडीपाशी या लोकांनी जमिनीत खड्डे खणून पहिला हिवाळा काढला. खड्ड्यांच्या खुणा अजून ओळखू येतात. लगतच दफनभूमी आहे. जुन्या काही दगडांवर कोरियन अक्षरं, पुढच्यांवर सगळं रशियन. किम, पाक, त्सोय ही आडनावं तेवढी टिकली. नावं व्लादिमीर नाहीतर ल्युदमिला. १९३८मध्ये कोरियन शाळा रशियन माध्यमाच्या केल्या गेल्या, त्यानंतरची ही पिढी. त्याच वर्षी ‘लेनिन किची’ हे कोरियन वृत्तपत्र मात्र सुरू झालं. शाळा बंद आणि छापखाना चालू, हा सरकारी न्याय मला काही उमगला नाही.

बाजारात एक आजी गाजराची कोशिंबीर विकत होत्या: लांब बारीक कीस, त्यात व्हिनेगर, लसूण, धणे, तिखट, वरून कडकडीत तेल. किमचीचा कोबी मिळेना म्हणून गाजरावर भागवलं, त्यातून हा पदार्थ झाला. मुलगा दक्षिण कोरियात, आन्सानच्या कारखान्यात. परदेशस्थ कोरियनांना २००७पासून कामाचा खास व्हिसा मिळू लागला, तेव्हापासून घरोघरची तरणी माणसं तिकडे गेली. आजींची बोली उत्तरेकडच्या हामग्यॉंगची, नातू शिकतो ती सोलची. फोनवर दोघं रशियनच बोलतात, असं त्यांनी दुभाष्याला सांगितलं, तेही रशियनमधूनच. आन्सानच्या तेत्गोल वस्तीत आता दुकानांवर रशियन पाट्या आहेत आणि गाजराची कोशिंबीर तिथेही विकली जाते.