भाव तांब्याचा

आमच्या घरातून काही वाया जात नाही, असं मी फार टेचात सांगायचो. रद्दी, बाटल्या, पत्रा, बंद पडलेला मिक्सर, सगळं भंगारवाल्याच्या गाड्यावर. ई-कचऱ्याचे नियम २०१२ पासून लागू आहेत, जुना माल परत घेण्याची सोय कंपनीनं करायची, हे वाचून मी हसलो होतो. आमच्या कोल्हापूरच्या गुजरीत सराफाच्या दारातली धूळसुद्धा विकली जाते. झारेकरी ती धुऊन सोनं काढतो. अशा गावाला दिल्लीनं शिकवायचं?

मग ऑगस्ट २०१९ चा महापूर आला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी ५५ फुटांवर गेलं. ओसरल्यावर शाहूपुरीत दारोदार चिखलानं भरलेले फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही. आमचा जुना, पेटीएवढा टीव्ही त्यातच. भंगारवाल्यानं दीडशे रुपये दिले. पुरातून तेवढंच हाती लागलं म्हणून बरंही वाटलं.

चार दिवसांनी जयंती नाल्याच्या कडेला त्या टीव्हीचं खोकं दिसलं. मुलीनं लहानपणी खिळ्यानं कोरलेलं नाव होतं, म्हणून ओळखलं. तांब्याचं वेटोळं गायब, पिक्चर ट्यूब फोडलेली, शेजारी वायरी जाळल्याचा काळा डाग. भंगारवाल्याला विचारलं तर म्हणाला, "काका, काचंला कोण इचारतंय? तांबं तेवढं इकतंय."

त्याच्यावर रागावता येईना. दीडशे रुपये तांब्याचे होते. काचेचं काय, हे मीही विचारलं नव्हतं. त्या काचेत शिसं असतं. नाला पंचगंगेला, पंचगंगा इचलकरंजीवरून नरसोबावाडीला कृष्णेत. वायरीवरचं प्लास्टिक जळतं तेव्हा डायॉक्सिन हवेत. आणि झारेकरीही पारा, ॲसिड वापरतो, हे मी सोयीनं विसरलो होतो. २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला, रीतसर पुनर्वापराची नोंद चौथाईलाही पोचत नाही. उरलेल्याचे असेच कुठले कुठले नाले असणार.

सध्या आमच्या ड्रॉवरात तीन मेलेले मोबाइल आहेत. नोंदणी असलेल्या केंद्रात द्यायचे म्हणून ठेवलेत, त्याला दोन वर्षं झाली. परवा दारात हाक आली, "काका, जुना मोबाइल हाय काय?" मी नाही म्हणालो. बायकोनं नुसतं ड्रॉवरकडं बघितलं.