चोचीतली मासळी

न्यूकॅसलहून उत्तरेला जाणारी बस अ‍ॅनिक गाव घेत सीहाउसेसला पोचते, तेव्हा खरा पफिन दिसण्याआधी त्याची चित्रे भेटतात. बंदराच्या रस्त्यावरच्या दुकानांत कपांवर, पुसण्यांवर, शुभेच्छापत्रांवर तो आहेच, पण चौकटीत बसवलेल्या लिनोकट आणि स्क्रीनप्रिंटमध्येही तोच आहे: काळी पाठ, पांढरे पोट, नारिंगी पाय आणि रंगीत पट्ट्यांची त्रिकोणी चोच. चित्राखाली कुठे ‘आनंद’ लिहिलेले असते, कुठे ‘निष्ठा’. या किनाऱ्यावरून फर्थ ऑफ फोर्थपर्यंत जाताना माझ्यासमोर प्रश्न होता तो या अर्थांचा. पफिनचे चित्र नेमके कशाचे प्रतीक आहे? माझे उत्तर असे की पफिनचा अर्थ त्याच्या चेहऱ्यावर शोधून सापडत नाही. तो त्याच्या चोचीत धरलेल्या मासळीत आहे. ज्या चित्रकाराला मासळी दिसली, त्यालाच पक्षी दिसला.

या प्रवासाची सुरुवात न्यूकॅसलला करण्याला कारण आहे. शहराच्या पश्चिमेला, टाइन नदीच्या खोऱ्यात चेरीबर्न नावाचे शेतघर आहे. लाकडावर चित्रे कोरणारा थॉमस ब्यूइक तिथे 1753 साली जन्मला. ब्रिटनमधल्या पक्ष्यांवरच्या त्याच्या ग्रंथाचा पहिला खंड 1797 मध्ये आला आणि पाणपक्ष्यांचा दुसरा 1804 मध्ये. ब्यूइकने बॉक्सवुडचा ठोकळा उभ्या फळीसारखा न घेता खोडाच्या आडव्या कापावर घेतला. तिथे लाकूड इतके घट्ट असते की धातूवर कोरायची कोरणी त्यावर केसाएवढी बारीक रेघ काढू शकते. कोरलेली रेघ छापताना पांढरी उरते, म्हणून त्याची चित्रे काळोखातून उजेड काढल्यासारखी दिसतात. ठोकळ्याची उंची छपाईच्या खिळ्यांइतकीच असल्यामुळे चित्र आणि मजकूर एकाच पानावर, एकाच दाबात छापले जात. पक्षी वर आणि तो कुठे राहतो, काय खातो याची हकिकत खाली. रंग नव्हतेच, त्यामुळे पफिनच्या नारिंगी रंगावर विसंबून राहण्याची सोयही नव्हती. चोचीवरच्या खाचा, मानेचा पट्टा, उभे राहण्याची ढब हे सगळे रेघेनेच सांगावे लागे.

1827 मध्ये अमेरिकेहून आलेला पक्षीचित्रकार जॉन जेम्स ऑड्युबन या म्हाताऱ्या ब्यूइकला न्यूकॅसलमध्ये भेटला. ऑड्युबनच्या महाग्रंथातला पफिन लंडनच्या रॉबर्ट हॅवेलने तांब्याच्या पत्र्यावर उतरवला आणि छापल्यावर तो हाताने रंगवला गेला. जोडीतला एक पक्षी त्यात बिळाशी दाखवला आहे. चित्र म्हणून ते भव्य आहे. पण त्या ग्रंथात चित्रे वेगळी आणि मजकूर वेगळा निघाला, कारण मजकुराचे पुस्तक केले असते तर ग्रंथालयांना फुकट प्रती द्याव्या लागल्या असत्या. कारण व्यवहाराचे होते, पण परिणाम दूरगामी झाला. चित्र भिंतीवर लागण्याजोगे सुटे झाले आणि पक्ष्याचे जगणे दुसऱ्या पुस्तकात राहिले. आज सीहाउसेसच्या दुकानात टांगलेला पफिन याच फारकतीचा वारस आहे असे मी मानतो.

सीहाउसेसहून होडी फार्न बेटांवर नेते. ही बेटे 1925 पासून नॅशनल ट्रस्टकडे आहेत आणि सातव्या शतकात इथल्या इनर फार्नवर संत कथबर्ट एकटे राहत. 2022 मध्ये पक्ष्यांच्या फ्लूची साथ आल्यावर लोकांना इनर फार्नवर उतरण्याची बंदी झाली, ती उठली 2024 च्या वसंतात. मे-जूनमध्ये इथे टोपी घालूनच उतरावे लागते, कारण कुररी पक्षी आपली पिल्ले राखताना माणसाच्या डोक्यावर चोच मारतात. पफिनला वाटेत उभ्या माणसाचे काही पडलेले नसते. समुद्रावरून तो जवळजवळ सरळ रेषेत येतो, आखूड पंख इतक्या वेगाने हलतात की त्यांचा आकार धूसर होतो. उतरताना पाय फाकवतो, धपकन बसतो आणि लगेच बिळाच्या तोंडाकडे धावतो. ही घाई बघायची असते. आजूबाजूला कुरव टपलेले असतात. क्षणभर थांबला तर मासळी त्यांची. चोचीत आठ-दहा सँडईल आडवे लटकत असतात: बोटाएवढे, चंदेरी, काही डोक्याकडून धरलेले, काही शेपटीकडून, कुठलीही शिस्त नसलेले. एक धरला तरी दुसरा पकडताना पहिला सुटत नाही, कारण टाळ्यावर मागे वळलेले काटे असतात आणि खरबरीत जीभ मासे त्यांवर दाबून धरते. बिळाच्या टोकाला एकच पिल्लू असते. एका विणीत एकच अंडे, आणि पहिली वीण पक्षी साधारण पाच वर्षांचा झाल्यावर.

आता चेहऱ्याचे बघू. ज्या रंगीत चोचीमुळे पफिन ओळखला जातो, तिच्यावरची शिंगासारखी पटले विणीनंतर गळून पडतात. हिवाळ्यात चोच लहान आणि मंद रंगाची, चेहरा राखाडी, आणि पक्षी किनाऱ्यापासून दूर खुल्या समुद्रावर असतो. म्हणजे वर्षातले बहुतेक महिने चित्रातला पफिन अस्तित्वातच नसतो. यावर कोणी म्हणेल, मोराचा पिसाराही हंगामीच असतो, मग मोराची चित्रे खोटी का? ती खोटी नाहीत, आणि पफिनचे चित्रही खोटे नाही. पण पिसारा विणीसाठी आहे हे आपल्याला ठाऊक असते. पफिनच्या चेहऱ्याला मात्र आपण त्याचा स्वभाव समजून बसतो. डोळ्याभोवतीच्या खुणांमुळे तो खिन्न दिसतो, रंगांमुळे मजेदार दिसतो, आणि दोन्ही भावना आपल्या असतात. निष्ठेचेही तसेच. जोडी पुष्कळदा वर्षानुवर्षे टिकते हे खरे, पण ती भेटते बिळाशी. हिवाळ्यात दोघे वेगवेगळे फिरतात आणि वसंतात त्याच बिळाच्या तोंडाशी येतात. निष्ठा म्हणायचीच तर ती जागेवरचीही आहे. म्हणून जागा बिघडली की प्रतीक वाचवायला काही उरत नाही.

याचा सगळ्यात बोलका पुरावा या किनाऱ्यावर नाही, तो ब्रिस्टल खाडीतल्या लंडी बेटाचा आहे. बेटाचा मालक मार्टिन कोल्स हरमन याने 1929 मध्ये ‘पफिन’ नावाचे चलन पाडले, नाण्याच्या एका बाजूला आपला चेहरा आणि दुसऱ्या बाजूला पफिन, शिवाय पफिनमध्ये किंमत असलेली टपाल तिकिटे. नाण्यांवरून त्याच्यावर खटला चालून दंड झाला. तिकिटे चालत राहिली. छापील पफिन बेटाची ओळख होऊन बसला आणि त्याच शतकात खरे पफिन घटत घटत मूठभर उरले, कारण बिळांतली अंडी आणि पिल्ले उंदीर खात होते. 2002 ते 2004 या काळात उंदीर काढून टाकले तेव्हा पक्षी परतू लागले आणि आता त्यांची संख्या हजाराच्या पुढे आहे. प्रतीक इतके फोफावले असताना पक्षी मरत होता, आणि प्रतीकाने ते कोणाला सांगितले नाही.

इथे खरी हरकत येते आणि ती हलकी नाही. गोड चित्रामुळेच लोक पैसे देतात, होडीत बसतात, मुलांना पक्षी ओळखता येतात. 1940 साली सुरू झालेल्या पफिन प्रकाशनाच्या चित्रपुस्तकांत तर चित्रकार स्वतः लिथोग्राफच्या पत्र्यावर चित्र काढत आणि त्यामुळे रंगीत पुस्तक सामान्य घराला परवडले. मुंबई-पुण्यातल्या वाचकांच्या कपाटांतही तो पफिन बसलेला आहे. त्याहून मोठे उदाहरण अमेरिकेतल्या मेन राज्याचे. ईस्टर्न एग रॉक या बेटावरून शिकारीमुळे पफिन नाहीसे झाले होते. स्टीफन क्रेस यांनी 1973 पासून न्यूफाउंडलंडहून पिल्ले आणून तिथे वाढवली आणि मोठे झालेले पक्षी उतरावेत म्हणून खडकांवर रंगवलेले लाकडी पफिन उभे केले. 1981 मध्ये तिथे पुन्हा वीण झाली. म्हणजे प्रतिमेने पक्षी परत आणले, अगदी शब्दशः. मी ही हरकत मान्य करतो आणि तिच्यातच माझे म्हणणे सापडते: ती लाकडी बाहुली पक्ष्यासाठी केलेली होती, पक्ष्याच्या गरजेकडे बघून, योग्य बेटावर, पिल्लांना मासे भरवणाऱ्या माणसांसोबत. तिचे काम भिंत सजवण्याचे नव्हते.

परत या किनाऱ्यावर येऊन उत्तरेला गेले की फर्थ ऑफ फोर्थमध्ये, नॉर्थ बेरिकच्या समोर क्रेगलीथ बेट आहे. तिथे ट्री मॅलो नावाची बाहेरून आलेली उंच झाडी इतकी माजली की बिळांची तोंडे बुजली. 2007 पासून स्वयंसेवक ती छाटतात. फोर्थच्या मुखाशी असलेल्या आयल ऑफ मे बेटावर, जिथे अ‍ॅन्स्ट्रदरहून होडी जाते, माइक हॅरिस यांनी 1970 च्या दशकापासून पफिनचा अभ्यास केला. 2003 नंतरच्या पाच-सहा वर्षांत तिथल्या जोड्या जवळपास एक तृतीयांशाने कमी झाल्या. त्याच सुमारास उत्तर समुद्रातले पक्षी सँडईलऐवजी स्नेक पाइपफिश आणू लागले होते. हा मासा लांब, ताठ आणि हाडाळ. पिल्लांना तो गिळता येत नाही, पोषणही होत नाही. दुरून बघणाऱ्याला चित्र तेच दिसले असते: पफिन, चोच, चोचीत चंदेरी काहीतरी. फरक फक्त त्या चंदेरी रेघांचा होता, आणि तिथे पिल्लाचे जगणे-मरणे ठरत होते. म्हणूनच 2017 मध्ये पक्षीसंरक्षण संस्था आरएसपीबीने लोकांकडे मासळी घेऊन येणाऱ्या पफिनची छायाचित्रे मागितली. हजाराहून अधिक आली, आणि संशोधकांनी त्यांतून चेहरे बाजूला ठेवून मासे मोजले.

चित्र म्हणजे अहवाल नव्हे, असे कोणी चित्रकार म्हणेल. बरोबर आहे. पण मुद्राचित्राच्या कलेतच याचे उत्तर आहे. लिनो कोरणाऱ्याला प्रत्येक रंगासाठी काय ठेवायचे आणि काय काढून टाकायचे हे ठरवावे लागते. तो निर्णय टाळता येत नाही. पक्षीचित्रकार चार्ल्स टनिक्लिफ मेलेल्या पक्ष्यांची मापे घेऊन त्यांची तंतोतंत रेखाटने करत, आणि मग त्यांच्या चित्रांतला पक्षी मोकळेपणाने उभा राहत असे. रॉबर्ट गिलमोर यांनी टपाल तिकिटांसाठी केलेल्या लिनोकट पक्ष्यांतही एक कडा सुद्धा उगाच नाही. चार आकारांत पफिन उभा करता येतो. मग पाचवा आकार मिशीसारखी सरसकट रेघ असावी की सँडईल, हे ज्ञानाचेही काम आहे आणि सौंदर्याचेही. त्या आकारात वजन असले की पक्षी कुठून आला आणि कुठे चालला हे कळते. नसले की तो नुसता उभा राहतो.

26 मार्च 2024 पासून उत्तर समुद्राच्या इंग्लंडकडच्या भागात आणि स्कॉटलंडच्या सर्व समुद्रात सँडईलची मासेमारी बंद झाली. ही मासळी मुख्यतः डेन्मार्कच्या बोटी नेत. ती माणसाच्या ताटात फारशी येत नाही, तिचे मासळीपीठ आणि तेल होते. युरोपीय संघाने आक्षेप घेतला आणि वाद लवादापुढे गेला. डॅनिश कोळ्यांचे नुकसान खरे आहे आणि त्याची भरपाई हा न्याय्य प्रश्न आहे. पण समुद्र तापल्यानेही सँडईल घटतात, तेव्हा निदान जाळ्याचा भार कमी करणे माणसाच्या हातात आहे. परिणाम लगेच दिसणार नाही. 2024 च्या उन्हाळ्यात बिळातून निघालेले पिल्लू स्वतःच्या पिल्लासाठी मासळी आणेल ते 2029 च्या आसपास, आणि तेव्हा फार्नच्या वाटेवर कॅमेरा घेऊन उभ्या असलेल्यांनी आधी त्याची चोच बघावी.