सांगड

सोलापुरात मे महिन्यात पारा 43 अंशांच्या आसपास रेंगाळू लागला की सार्वजनिक जलतरण तलावातली लेन कुणा एकाची राहत नाही. जेमतेम अडीच मीटर रुंदीच्या त्या पट्ट्यात सकाळच्या बॅचला आठ-नऊ जण असतात. त्यांत जिल्हा स्पर्धेची तयारी करणारी एक शाळकरी मुलगी, गुडघ्यांसाठी पोहायला सांगितलेल्या मावशी, सुट्टीत आजोळी आलेली पोरे आणि मालवणच्या चिवला किनाऱ्यावरील डिसेंबरातल्या सागरी शर्यतीत उतरण्याची उमेद पन्नाशीत बाळगणारा प्रस्तुत लेखक.

सरावाला लय लागते. शंभर मीटर पोहायचे, वीस सेकंद दम घ्यायचा, पुन्हा शंभर मीटर. अशी दहा आवर्तने ठरवून पाण्यात उतरावे, तर तिसऱ्याच आवर्तनात समोरून कुणाची तरी छाती येते. श्वासासाठी वळवलेले तोंड कुणाच्या तरी लाथेने उडालेल्या पाण्याने भरते. छातीवर पोहणारा, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत बेडकासारखा पोहणारा, शेजारून गेला की बरगडी सांभाळावी लागते.

लेन ही काही पाण्याच्या स्वभावातली गोष्ट नव्हे. 1896 च्या अथेन्स ऑलिंपिकमधल्या पोहण्याच्या शर्यती उघड्या समुद्रात झाल्या, 1900 मध्ये पॅरिसला त्या सेन नदीत झाल्या. पन्नास मीटरचा, लेन आखलेला तलाव ऑलिंपिकला मिळाला तो 1924 मध्ये. आमच्याकडे तर पोहणे आले विहिरीतून. तिथे लांबी कोण मोजणार? पाठीला पांगाऱ्याचा बिंडा किंवा वाळका भोपळा बांधून पोराला पाण्यात ढकलायचे, पुढे त्याने सूर मारायचा, मुटका मारायचा, बुडी घेऊन तळाची माती वर आणून दाखवायची. खोली आणि उंची हीच तिथली मापे. आमच्या लेनमधले एक मामा अशाच विहिरीचे शिष्य. ते कधीही आडवे येतात, आणि त्यांच्या दृष्टीने आडवे आपण येत असतो.

तरीही नऊ जणांना पोहता येते. आमच्या लेनने तीन-चार गोष्टी न लिहिता ठरवल्या आहेत. आपापल्या डाव्या हाताची दोरी धरून जायचे आणि तशीच दुसरी दोरी धरून परतायचे, म्हणजे लेनमध्ये एक लांबट वर्तुळ फिरत राहते. पुढचा निघाल्यावर मनात दहा आकडे मोजल्याखेरीज मागच्याने निघायचे नाही. पुढे जायचे असेल तर तळपायाला बोट लावायचे, एकदाच. ज्याला बोट लागले त्याने भिंतीशी कोपऱ्यात थांबून वाट द्यायची. थांबणाऱ्याने भिंतीचा मधला भाग अडवायचा नाही, वळणाऱ्याला तो लागतो. हे सगळे मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी अशा चार भाषांत समजावून झाले आहे. मामांना अद्याप पटलेले नाही.

मी स्वतः अंतर मोजणे सोडले. आता घड्याळाकडे पाहून पंचवीस मिनिटे पोहतो. गर्दी दाटली की एक हात पुढे ताणून दुसऱ्यानेच पाणी ओढायचा सराव करतो. कमी जागा लागते आणि खांदा सुधारतो. दर सहा-सात हातांनी डोळे वर काढून समोर पाहतो. समुद्रात तळाला काळी रेघ नसते, तिथे हेच करावे लागते. पुढच्याच्या पायांमागे नेमक्या अंतरावर राहिले तर पाणी कमी अडते, हेही गर्दीतच उमगले. एकट्याला मिळालेल्या लेनमध्ये हे शिकता आले नसते, असे म्हणण्याचा मोह होतो. पण शाळकरी मुलीला ते लागू नाही. तिला सेकंदांचे दशांश हवे आहेत आणि तिचा हंगाम थोडा आहे.

यंदा काही पालकांनी एक निवेदन फिरवले: सरावाच्या मुलांसाठी दोन लेन दोरी बांधून राखून ठेवाव्यात. मागणी गैर नाही. पण ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, चार-पाच दिवसांच्या पाळीवर भांडी भरून ठेवावी लागतात, तिथे हा तलाव म्हणजे अनेकांना अंग बुडेल एवढे भेटणारे एकमेव पाणी आहे. दोन लेन राखल्या की मावशी, मामा आणि यंत्रमागावर रात्रपाळी करून थेट इकडे येणारी दोन तरुण पोरे उरलेल्या गर्दीत ढकलली जाणार. मी सही केली नाही. मुलीच्या वडिलांनी नंतर दोन दिवस माझ्याशी बोलणे टाकले, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही.

‘सांगड घालणे’ हा शब्दप्रयोग आपण साहित्याच्या वर्गात फार स्वस्तात वापरतो. सांगड म्हणजे मुळात तरंगण्यासाठी एकत्र बांधलेल्या होड्या किंवा भोपळे. बांधलेल्या भोपळ्यांना एकमेकांचा वेग सोसावा लागतो, ही त्यातली अडचण वर्गात सांगायची राहून जाते.

तूर्त तोडगा मावशींनी काढला आहे. बॅचची पहिली वीस मिनिटे त्या उथळ बाजूला कठड्याला धरून गुडघ्यांचे व्यायाम करतात आणि मामांनाही गप्पांत गुंतवून ठेवतात. तेवढ्यात मुलगी आठ वेळा शंभर मीटर काढते. मी तिच्या पायांमागे दोन आवर्तने टिकतो, मग भिंतीशी कोपऱ्यात थांबून तिला वाट देतो.